टाकीतला निळा, फोटोतला निळा

"अगं, तुझ्या निऑनांचा पट्टा असा जांभळट का पडलाय? रोग तर नाही ना लागला?" मी हौसेने पाठवलेल्या फोटोवर मैत्रिणीचा एवढाच निरोप आला. निऑन टेट्रा, म्हणजे अंगावर निळी रेघ असलेला छोटा शोभेचा मासा, पाळणाऱ्याला ही धास्ती कायम असते. या माशाच्या नावानेच ओळखला जाणारा एक आजार आहे. सूक्ष्म परजीवी स्नायूंत घर करतो, पट्टा फिकटत जातो, अंगावर पांढुरके चट्टे उमटतात आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. त्यामुळे बाकीच्यांना जी शोभा वाटते ती पाळणाऱ्यासाठी तब्येतीची खूण असते. मी उठले आणि टाकीपाशी जाऊन बसले. सगळा थवा लाकडाच्या ओंडक्याखालून बाहेर पडून पुढच्या काचेशी आला, भूक लागल्यासारखा. पट्टा लखलखीत होता, हिरवी झाक असलेला निळा. हातातल्या फोनवर तोच पट्टा जांभळा. मासे ठणठणीत आहेत म्हणून जीव भांड्यात पडला खरा, पण त्या दोन निळ्यांमधलं अंतर काही डोक्यातून जाईना.

पहिला संशय अर्थातच कॅमेऱ्यावर. कॅमेऱ्याच्या सेन्सरला मुळात रंग कळत नाही. उजेड किती आला एवढंच कळतं. म्हणून त्याच्या प्रत्येक ठिपक्यावर तांबडी, हिरवी नाहीतर निळी गाळणी बसवलेली असते. कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांच्या या मांडणीला १९७६ साली पेटंट मिळालं आणि आजही बहुतेक कॅमेरे तीच वापरतात: निम्म्या गाळण्या हिरव्या, उरलेल्यांत तांबड्या आणि निळ्या सारख्या वाटून. गाळणीतून आलेल्या आकड्यांवरून रंग ठरवायचा तर आधी उजेड कसला होता ते माहीत हवं, आणि ते कॅमेऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं. ऑटो व्हाइट बॅलन्स म्हणजे त्याने बांधलेला अंदाज. जुना, ढोबळ अंदाज असा की, चित्रातले सगळे रंग एकत्र केले तर सरासरी राखाडीच्या आसपास येते. हल्लीचे कॅमेरे याहून बरेच हुशार आहेत, पण झाडांनी गच्च भरलेल्या टाकीसमोर त्यांचीही पंचाईत होते. चित्राचा मोठा भाग हिरवा, म्हणजे उजेडच हिरवा असणार, अशी कॅमेऱ्याची समजूत होते आणि तो इमानदारीत हिरव्यावर उतारा म्हणून सगळीकडे किरमिजी मिसळतो. पानं मलूल होतात. वाळूवर गुलाबी छटा चढते. आणि निळ्यात किरमिजी मिसळलं की काय होतं ते शाळेच्या रंगपेटीपासून सगळ्यांना ठाऊक आहे.

पाणी लाल रंग खातं म्हणून टाकीचे फोटो निळे येतात, असं स्पष्टीकरण पुष्कळदा ऐकू येतं. समुद्रात ते खरं आहे. तिथे काही मीटर खाली गेलं की लाल विझत जातो. पाण्याखालचा पहिला रंगीत फोटो १९२६ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी काढला, तेव्हा त्यांना वर तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवून उजेड करावा लागला होता. फोटो घेणारी काच होती ऑटोक्रोमची, म्हणजे रंगवलेल्या स्टार्चच्या बारीक कणांतून उजेड गाळून घेणारी. बेयरच्या गाळणीची ती दूरची आजीच म्हणायची. पण घरातल्या टाकीत पाण्याची जाडी जेमतेम हातभर. तेवढ्यात लाल कुठे जात नाही. जो जातो तो वरच्या दिव्यात मुळातच कमी असतो म्हणून.

दिव्याचं नाव निघालं की मला घरचा जुना अल्बम आठवतो. लहानपणी काकांकडे गोल्डफिशची टाकी होती आणि तिच्यावर पत्र्याच्या झाकणात बसवलेली ट्यूबलाइट. ती चालू होताना आधी दोनदा मिचमिचायची, मग गुरगुरत पेटायची. तिच्या उजेडात काढलेले सगळे फोटो हिरवे आहेत. काकांचा चेहरा हिरवा, मागची भिंत हिरवी, मासे शेवाळलेल्या पितळेचे. तेव्हाची फिल्म दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली असायची, उजेडाचा रंग मोजायच्या मापात साधारण ५५०० केल्विनच्या हिशेबाने, आणि ट्यूबमधल्या पाऱ्याच्या वाफेचा प्रकाश हिरव्यात उसळी मारणारा. डोळ्यांना ती उसळी जाणवत नाही. फिल्मला लपवता येत नाही. त्याच अल्बमात पुढे काही फोटो नारिंगी आहेत, बहुधा ट्यूब गेल्यावर तिच्या जागी साधा बल्ब लावला असेल तेव्हाचे. काकांना जाऊन बरीच वर्षं झाली, टाकी कुणाला तरी देऊन टाकली. आता ते मासे खरोखर कुठल्या रंगाचे होते हे आठवायला गेलं तर मला ते हिरवट पितळी रंगाचेच आठवतात. अल्बमने आठवण पुसून तिथे स्वतःचा रंग भरला आहे, आणि गंमत म्हणजे तो रंग मला आवडतो. कुणी तो फोटो संगणकावर दुरुस्त करून मासे झकास केशरी करून दिले तर मी ते ओळखणार नाही.

पण काकांच्या फोटोवरून कुणी माशांची तब्येत विचारत नव्हतं.

तर एक राखाडी कार्ड आणलं. प्लास्टिकचं, पाण्यात टिकणारं. फोटोवाल्यांचं हे साधं, जुनं हत्यार आहे: अठरा टक्के उजेड परत फेकणारा, कुठल्याच रंगाकडे न झुकणारा राखाडी. हे आहे राखाडी, आता बाकीचं तू बघ, असं कॅमेऱ्याला सांगायचं. बरेच जण कार्ड टाकीच्या काचेबाहेर धरतात. त्याने काम अर्धवट होतं, कारण मासा ज्या उजेडात पोहतो तो झाकणातल्या दिव्यापासून पाण्यातून, पानांवरून उसळून त्याच्यापर्यंत येतो आणि तिथून पुन्हा पाणी आणि काच ओलांडून कॅमेऱ्यात शिरतो. साधी काच कडेने पाहिली तर हिरवी दिसते. तिच्यातल्या लोहाचा तो गुण. कमी लोहाची काच मुद्दाम वेगळी मिळते ती याचसाठी. लाकडातून झिरपणारं टॅनिन पाण्याला पिवळसर करतं. या सगळ्याचा हिशेब एकदम व्हायचा तर कार्ड माशाच्याच जागी, पाण्यातच हवं.

बाही कोपराच्या वर सारून मी कार्ड आत घातलं. थंडगार पाणी मनगटावरून वर चढलं, पानांना चिकटलेले बुडबुडे सुटून वर गेले. क्षणभर सगळा थवा मागच्या कोपऱ्यात पळाला आणि मग एकेक करत परत आला, कार्डाला तोंड लावून पाहायला. राखाडी पाटीसमोर एक निऑन आडवा थांबला. त्याचं अंग अर्धवट पारदर्शक, आतला मणका सावलीसारखा, शेपटीकडच्या अर्ध्या अंगाला तो लाल, आणि वर डोळ्यापासून निघालेली निळी रेघ. इतकं रंगहीन काही त्याच्यामागे मी कधी पाहिलंच नव्हतं. हिरव्या पानांपुढे ही रेघ निळी वाटते; राखाडीपुढे तिच्यातला हिरवा उघड झाला. कार्ड वर नेलं, दिव्याजवळ, तर कॅमेऱ्याने मोजलेला उजेड एक. खाली रुंद पानांच्या सावलीत नेलं तर भलताच, चांगलाच हिरवा. म्हणजे एका टाकीत एकच उजेड नव्हता. मासा पोहत पोहत तीन-चार हवामानांतून जात होता. शेवटी मधल्या मोकळ्या जागेचा आकडा मी प्रमाण धरला. कुठेतरी पाय रोवायला हवा होता.

बाकीची पथ्यं नेहमीचीच आहेत. खोलीतले दिवे बंद, नाहीतर काचेवर त्यांचा पिवळट लेप चढतो आणि तो कुठल्याच कार्डाने निघत नाही. लेन्स काचेला अगदी समोरासमोर; तिरका फोटो काढला की खवल्यांच्या कडांना एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने निळी किनार फुटते. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेली; त्यामुळे नंतर उजेडाचा हिशेब बदलायला मोकळीक राहते. आणि एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतलेला उजेड, थोडं कमी, कारण एलईडीखाली निळा आधी भरून वाहतो. एकदा तो काठोकाठ गेला की पट्ट्यातला बारकावा गेला. नंतर फोटो गडद केला तरी तो परत येत नाही.

हे आकडे हाती आल्यावर मी तो जुना, जांभळा फोटो पुन्हा उघडला. फोनने त्याची रॉ फाइल ठेवली होती आणि टाकीवरचा दिवा तोच होता. कार्डाचा हिशेब लावला. पानं जागेवर आली, टवटवीत. वाळू वाळूच्या रंगाची झाली. लाल लाल झाला. पट्टा मात्र, किरमिजी सगळं उतरवूनही, जांभळटच. थोडा निवळला, पण समोरच्या टाकीतल्या हिरवट निळ्याशी त्याचं नातं नव्हतं. तेव्हा कुठे फोटोची वेळ पाहिली. सकाळी टायमरने दिवा लागला त्याच मिनिटाला मी तो काढला होता, थवा अजून अर्धवट झोपेत असताना.

आणि निऑनचा पट्टा रात्री खरोखरच जांभळट असतो.

त्या निळ्यात निळं असं काही नाही. लाल भागात रंगद्रव्य आहे, तो कुठूनही पाहा, लालच. पट्ट्यातल्या पेशींत असतात ग्वानिन नावाच्या पदार्थाचे पातळ, पारदर्शक स्फटिक, एकावर एक रचलेले, मधे पेशीद्रवाचे थर. या थरांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात, काही विझतात, काही बळावतात, आणि कोणती बळावणार हे थरांमधल्या अंतरावर आणि कोनावर ठरतं. उजेडात पट्टा निळा-हिरवा, अंधारात गडद जांभळ्याकडे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात क्ष-किरणांनी या स्फटिकांची ठेवण तपासली, तेव्हा दिसलं की, खिडकीवरच्या आडव्या पट्ट्यांचा पडदा दोरी ओढून तिरपा करावा तसे ते कलतात. कलण्याने मधलं अंतर बदलतं आणि अंतराबरोबर रंग. हे एका क्षणात होत नाही, मासा त्यासाठी थोडा वेळ घेतो. मी काढलेल्या फोटोत दिवा दिवसाचा होता आणि मासा अजून रात्रीचा.

हे कळल्यावर मला कॅमेऱ्याबद्दल जरा वेगळंच वाटायला लागलं. त्याने उजेडाचा अंदाज चुकवला होता आणि माशाबद्दल मात्र खरं सांगितलं होतं, दोन्ही एकाच फोटोत. माझ्या डोळ्यांनी, त्याच सकाळी, त्याच माशाकडे पाहताना तो जांभळटपणा साफ गाळून टाकला. निऑन निळा असतो हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून मला निळा दिसला. डोळ्यांमागचा हा कारभार आपण गृहीतच धरतो. २०१५ च्या फेब्रुवारीत एका पोशाखाच्या फोटोवरून अर्धं जग पांढरा-सोनेरी म्हणत होतं आणि अर्धं निळा-काळा, ते आठवत असेल. पोशाख निळा-काळाच होता. पाहणाऱ्याने मनातल्या मनात कसला उजेड धरला त्यावर सगळं अवलंबून होतं, आणि असा काही उजेड आपण धरलाय याचा कुणाला पत्ताही नव्हता. त्या भांडणात मी पांढऱ्या-सोनेरी पक्षात होते, हे इथे नमूद केलेलं बरं.

दिव्यांचा दोषही थोडका नाही. पांढरा एलईडी म्हणजे बहुतेक वेळा निळा दिवा आणि त्यावर फॉस्फर या चमकणाऱ्या पदार्थाचा पिवळसर लेप. त्याच्या प्रकाशात निळ्याचं एक टोकदार शिखर असतं, पिवळ्याचा पसरट डोंगर, आणि दोघांच्या मधे, साधारण ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, एक दरी. निऑनच्या दिवसाच्या पट्ट्याचा रंग नेमका त्या दरीच्या काठावर. दिव्यातच जो रंग तुटपुंजा आहे तो मासा परत फेकणार कसा? दिव्याच्या खोक्यावर छापलेला, त्यात रंग किती खरे दिसतात ते सांगणारा शंभरातला आकडा पाहून मी पूर्वी समाधानी व्हायचे. तो आकडा काढतात आठ सौम्य रंगांच्या नमुन्यांवरून. त्यात गर्द लाल नाही, हा झगझगीत हिरवा-निळा तर नाहीच. आणि पडद्याचं रडगाणं वेगळंच. १९९६ साली मांडलेल्या एसआरजीबी या रंगांच्या मापात बहुतेक फोटो आजही फिरतात, आणि त्या मापाच्या बाहेर जे रंग राहिले त्यांत सगळ्यात मोठी वानवा याच हिरव्या-निळ्याची आहे. कार्ड कितीही काटेकोर धरा, हा रंग पूर्णपणे त्या चौकटीत बसणारच नाही. शिवाय पाहणाऱ्याच्या फोनवर रात्रीचा पिवळा मोड चालू असला, की मग बोलायलाच नको.

माझ्या ओळखीत एकांकडे समुद्री टाकी आहे, प्रवाळांची. त्यांच्याकडे गेलं की मला माझे प्रश्न किरकोळ वाटतात. संध्याकाळी ते फक्त निळे दिवे ठेवतात, ४५० नॅनोमीटरच्या आसपासचे. सगळी टाकी गर्द निळ्या काळोखात आणि त्यातून प्रवाळं हिरवी, केशरी, शेंदरी पेटलेली. हा परावर्तित रंगच नव्हे. प्रवाळांतली प्रथिनं निळा प्रकाश पिऊन दुसऱ्याच रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. त्यांच्या जातकुळीतलं पहिलं प्रथिन ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये एका जेलीफिशमधून वेगळं केलं आणि २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यांत ते होते. आता अशा टाकीत राखाडी कार्ड बुडवून काय सांगणार? तिथे राखाडी निळाच दिसतो, आणि दिसायलाच हवा. कॅमेऱ्यातला केल्विनचा काटा पुष्कळदा १०००० वर संपतो आणि हे दिवे त्याच्या पल्याड. म्हणून हे टाकीवाले लेन्सपुढे पिवळी-केशरी काच लावतात. अंगावर येणारा निळा ती अडवते आणि प्रवाळांचा स्वतःचा उजेड तेवढा आत सोडते. फोटो सुरेख येतात. पण त्यांच्या घरी बसून मी जे पाहते ते या फोटोंत नसतं, कारण तो निळा काळोखच त्यांत नसतो. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "काळोख तुम्ही इथे येऊन बघा, फोटो प्रवाळाचा आहे." मला हे उत्तर पटलं. तेव्हापासून कुणी 'खरा रंग' म्हटलं की कशाचा खरा, असं विचारावंसं वाटतं.

एका गोष्टीबद्दल मात्र मी अजिबात उदार नाही. विक्रीसाठी टाकलेल्या माशांच्या फोटोंत रंगाचा काटा टोकाला नेलेला असतो. लाल असा की त्यात खवला शोधून सापडत नाही. हा कुठल्याही दिव्याचा किंवा डोळ्याचा प्रश्न नाही, सरळ थाप आहे. तसला मासा घरी आणणारा बिचारा मग आपल्याच पाण्याला, आपल्याच हाताला दोष देत बसतो. खरं तर मासा नव्या टाकीत भेदरलेला असतो, आणि पांढऱ्या खड्यांवर सोडला तर आणखी फिका पडतो. बऱ्याच जातींचे मासे तळाच्या रंगाशी स्वतःचा गडदपणा जुळवून घेतात. काळी वाळू घातली, आडोसा दिला, थोडे दिवस दम धरला, तर कुठल्याही संगणकाशिवाय रंग भरतो. फोटो सुधारायचा सगळ्यात प्रामाणिक मार्ग हाच, आणि सगळ्यात कंटाळवाणाही.

मैत्रिणीला मी लांबलचक उत्तर लिहिलं, ग्वानिन, पडदा, किरमिजी, सगळं. तिने अंगठा पाठवला. हल्ली मी दोन वेगळे फोल्डर ठेवते. एकात तब्येतीचे फोटो: दिवा लागून तासभर झाल्यावर, कार्डासकट, तेच अंतर, तेच आकडे, कुठलीही सजावट नाही. रुक्ष असतात, पण पट्टा या महिन्यात मागच्यापेक्षा फिका आहे का, हे त्यांना विचारता येतं. दुसऱ्या फोल्डरमध्ये मला हवे तसे. रात्री खोली अंधारी असताना टाकीचा उजेड जरा थंड वाटतो, तो मी त्यांत तसाच राहू देते. दुरुस्त केला तर फोटो नीट होतो आणि संध्याकाळ जाते. कधी कधी हे दोन्ही फोल्डर एकमेकांत मिसळतात आणि कुठला फोटो कशासाठी होता ते माझं मलाच कळत नाही.

परवा तब्येतीचे फोटो पाहताना लक्षात आलं की, गेल्या काही खेपांपासून मासे किंचित गुलाबी दिसतायत. दिवा तपासला, काच पुसली, आकडे पुन्हा पडताळले. शेवटी कार्ड बाहेर काढून उजेडात धरलं. काम झालं की ते मी टाकीतच एका कोपऱ्यात उभं करून ठेवत असे, पुन्हा पुन्हा हात ओला करायला नको म्हणून, आणि त्याच्यावर शेवाळाचा बारीक थर चढला होता. नखाने ओरखडा काढला तेव्हा खालून राखाडी दिसलं. आता ते कोरडं करून ड्रॉवरमध्ये ठेवते.